काटकसर कोणाच्या जिवावर?

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ११:१; योहान ६:१२; फिलेमोन १०–१९

काटकसर हा सद्गुण आहे काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण क्षणभरही न थांबता ‘होय’ म्हणतील. आमचेही उत्तर तेच असते. ख्रिस्ती घरात लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो : पैसा देवाचा आहे, आपण केवळ कारभारी आहोत, म्हणून तो जपून वापरावा. हे खरेच आहे. परंतु जपून वापरलेल्या पैशाचाही हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब वाटतो तितका सोपा नसतो, हे आम्हांस आमच्या वस्तीतील एका लहानशा खरेदीने शिकविले. त्या खरेदीची हकीगत वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले. तीत आमच्या बाजूने अभिमान धरण्यासारखे थोडे आणि कबूल करण्यासारखे पुष्कळ आहे.

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले की उद्यमबागेतील कारखाने मागे पडतात आणि पिरनवाडी लागते. थोडे पुढे मच्छे गाव आहे. तेथे १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. त्यामुळे आमच्या भागात पहाटे फाउंड्रीतल्या पाळीवर जाणारे कामगार दिसतात, तसेच पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन जाणारी मुलेही दिसतात. आम्ही काही कुटुंबे सकाळी शहरात उपासनेस जातो आणि रविवारी दुपारी वस्तीतील एका खोलीत मुलांची शब्बाथशाळा भरवितो. कापणीच्या सणाच्या लिलावातून आणि दानातून या शाळेसाठी ६०,००० रुपये जमले. मुलांना संगणक शिकवावा, मराठीत पाठ तयार करावेत, दहावीच्या मुलांना अभ्यासाला साधन व्हावे, असे ठरले.

नवा संगणक पडद्यासह ३८,००० रुपयांना मिळत होता. म्हणजे एक आला असता, दोन आले नसते. त्याच वेळी एका दुकानदाराने ‘रिफर्बिश्ड’ संगणक १४,००० रुपयांना एक, याप्रमाणे एका वर्षाच्या हमीसह देऊ केले. तीन घेतले तर ४२,००० रुपये, आणि हातात १८,००० शिल्लक.

हा शब्द सर्वांच्या परिचयाचा नसेल म्हणून थोडे सांगतो. मोठ्या कंपन्या आपले संगणक साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. त्यांचे काम अडलेले नसते, पण भाडेकरार संपतो किंवा हमी संपते. मग ती यंत्रे गठ्ठ्याने विकली जातात. व्यापारी ती उघडतो, धूळ काढतो, पंखा तपासतो, जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी वेगवान ‘एसएसडी’ बसवितो, स्मरणशक्ती म्हणजे ‘रॅम’ वाढवितो, लॅपटॉप असल्यास बॅटरी पाहतो, आणि हमी देऊन पुन्हा विकतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस येथे हा व्यापार जोरात चालतो आणि तेथून तो आपल्या गावांपर्यंत येतो. जसे आहे तसे हातोहात विकलेले ‘सेकंडहँड’ यंत्र निराळे, आणि तपासून, दुरुस्त करून, हमीने दिलेले यंत्र निराळे. निदान तसे असावे.

कमिटीच्या सभेत पहिला आक्षेप निघाला तो पैशाचा नव्हता, भक्तीचा होता. एक वडील म्हणाले, “आपल्या घरी टीव्ही नवा आणतो, आणि देवाच्या कामाला दुसऱ्यांनी वापरून टाकलेले? मलाखीने काय सांगितले आहे ते वाचा.”

आक्षेप वजनदार होता. मलाखीच्या पहिल्या अध्यायात आंधळे, लंगडे आणि रोगी पशू वेदीवर आणणाऱ्या लोकांना देव विचारतो की, हेच तुम्ही आपल्या सुभेदाराला नेऊन द्याल काय? दावीद राजानेही अरवना यबूसी याचे खळे फुकट घेण्याचे नाकारले. ज्यासाठी आपण काही मोजले नाही ते देवाला कसे वाहावे, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले (२ शमुवेल २४).

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग मागे बसलेले एक बंधू बोलले. ते उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहेत आणि सभेत सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, “आम्ही रोज भंगारच वितळवतो की. त्यातनंच पंपाचे आणि मोटारींचे भाग होतात. भाग बरोबर झाला का नाही तेवढं बघतात. लोखंड आधी कुणाचं होतं ते कोण विचारत नाही.”

या साध्या बोलण्याने आम्हांस मलाखीचा अध्याय पुन्हा वाचावयास लावले. तेथे दोष पशू जुना असण्याचा नव्हता. चौदाव्या वचनात स्पष्ट आहे की ज्याच्या कळपात चांगला नर आहे, जो तो देण्याचा नवसही करतो, पण प्रत्यक्षात खोड असलेला आणून वाहतो, त्याला शाप आहे. पाप लपवून ठेवण्यात होते. ज्या विधवेने दोन टोल्या टाकल्या तिची नाणी नवी कोरी होती असे कोण म्हणेल? आपला प्रभू यरुशलेमेत आला तो मागून आणलेल्या शिंगरावर, त्याचे शेवटचे भोजन झाले ते दुसऱ्याच्या माडीवर, आणि त्याला ठेवले ती कबर दुसऱ्यासाठी खोदलेली. पाच हजारांना पोटभर जेवू घातल्यावर त्यानेच शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्याच्या हातून भाकरी वाढत होत्या त्याला तुकड्यांची काय गरज? पण त्याच्या दृष्टीने विपुलता आणि उधळपट्टी या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

आपल्या मराठी मंडळ्यांना तर हे विशेष ठाऊक असावे. विल्यम कॅरी हा मुळात चांभारकाम करणारा मनुष्य. १७९८ साली कलकत्त्यात विक्रीला निघालेले एक लाकडी छापयंत्र जॉर्ज उडनी या गृहस्थाने त्याला घेऊन दिले. ते मदनावतीस आणून उभे केले तेव्हा आसपासच्या लोकांना तो साहेबाचा देव वाटला. १८०० साली ते यंत्र श्रीरामपुरास गेले आणि तेथील मिशनच्या छापखान्याचा आरंभ झाला. त्याच छापखान्यातून १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण आणि १८१० साली मोडी टाइपात त्याचा मराठी कोश बाहेर पडला. लाकडी यंत्राने सुरुवात करण्यात त्या माणसांना कमीपणा वाटला नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले असे वाटले. जुने यंत्र देवाच्या कामाला चालते, मात्र ते त्या कामाला पुरे पडणारे असावे. आम्ही तीन संगणक घेतले. घेताना घासाघीस केली. ‘डबा जुना आहे, कोपरा घासलेला आहे’ असे दुकानदाराला दहा वेळा सांगितले, आणि परत येताना मोटारीत बसून किती स्वस्तात मिळाले याची फुशारकी मारली. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातील चौदावे वचन अगदी अशाच गिऱ्हाइकाविषयी आहे, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

आता दुसरा प्रश्न. यंत्र जुने असण्यात पाप नाही हे खरे. पण ते स्वस्त का आहे?

दुकानदार आम्हांस म्हणाला होता, “सगळं घालून देतो, वेगळे पैसे नाहीत.” आम्हांस आनंदच झाला. पुढे कळले ते असे. विंडोज या प्रणालीचा परवाना कंपनीच्या वेळेपासून यंत्राबरोबर आलेला होता, त्यात काही खोटे नव्हते. परंतु पत्रे व तक्ते तयार करण्याचा संच आणि मराठी टंकलेखनाचा संच हे दोन्ही कुलूप तोडून, म्हणजे ज्याला मुले ‘क्रॅक’ म्हणतात तसे घातलेले होते. त्याच यंत्रावर आम्ही दहा आज्ञांचे पाठ मराठीत टाइप केले, छापले आणि मुलांना वाटले.

आठव्या आज्ञेच्या रविवारी, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिचा भाऊ इंजिनिअरिंगला आहे. तिने विचारले, “सर, दादा म्हणतो की या कॉम्प्युटरमधलं टायपिंग क्रॅकचं आहे. मग ते पण चोरीतच येतं काय?”

आम्ही म्हणालो, “पुढच्या रविवारी सांगतो.”

वाचकहो, शब्बाथशाळेच्या शिक्षकाला याहून कठीण प्रश्न दुसरा नाही. उत्तर आम्हांस त्याच क्षणी ठाऊक होते. आठवडाभर मागून घेतला तो उत्तर शोधण्यासाठी नव्हे, तर सबबी शोधण्यासाठी. सबबीही पुष्कळ सापडल्या : सगळेच वापरतात, कंपन्या श्रीमंत आहेत, आपण धंद्यासाठी वापरत नाही, सुवार्तेचेच काम आहे. शेवटची सबब सर्वांत वाईट, कारण तीत चोरीच्या मालावर देवाचे नाव घातले जाते. तो संच लिहिणारा कोणी तरी मनुष्य पुण्यात किंवा मुंबईत बसून आपल्या मराठी अक्षरांसाठी राबलेला असतो. त्याच्या मजुरीवर आमची काटकसर झाली होती.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गापुढे म्हणालो की, होय, ती चोरीच आहे, आणि आपण ती काढून टाकणार आहोत. काढल्यावर ‘लिब्रेऑफिस’ नावाचा संच घातला. तो करणाऱ्यांनीच सर्वांना मोफत वापरण्यास दिला आहे. मराठी लिहिण्यासाठी युनिकोडची ‘इनस्क्रिप्ट’ कळपाटी तर विंडोजमध्येच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणजे प्रामाणिक वाट फुकट होती आणि आम्ही ती शोधली नव्हती! मात्र ती अगदीच फुकट पडली नाही. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले पाठ नव्या संचात उघडले तेव्हा कागदावर निरर्थक चिन्हे उमटली. तीन आठवडे आम्ही आणि दोन शिक्षिका बसून ते पाठ पुन्हा टाइप करीत होतो. ती मुलगीही मदतीला येत असे. त्या तीन आठवड्यांत तिला आठवी आज्ञा जितकी समजली तितकी छापील पाठाने समजली नसती.

याच सुमारास बिलाचाही विषय निघाला. दुकानदाराने ‘पक्के बिल नको असेल तर आणखी सोडतो’ असे म्हटले होते. सुदैवाने आमचे खजिनदार शिस्तीचे. त्यांनी पक्केच बिल घेतले. कर बुडवून वाचविलेला पैसा कैसराचा असतो. शिवाय कच्च्या चिठ्ठीवर हमी मागता येत नाही. पुढे एका यंत्राचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला तेव्हा बिल दाखविल्यावर तो मुकाट्याने बदलून मिळाला.

आणखी एक गोष्ट घडली. एका यंत्रात नव्या एसएसडीबरोबर जुनी डिस्कही राहिली होती आणि ती पुसलेली नव्हती. मुलांनी ती उघडली. कोणा अनोळखी घरातील लग्नाचे फोटो, पगाराचे कागद, एका आजारी बाळाचे रिपोर्ट त्यात होते. मुले मोठ्या उत्सुकतेने पाहत होती. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात शेजाऱ्याचा हरवलेला बैल, गाढव किंवा वस्त्र दिसले तर तोंड फिरवून जाऊ नये, ते त्याला परत करावे, असे नियमशास्त्र सांगते. येथे मालक कोण हे कळण्याचा मार्ग नव्हता. मग परत करणे म्हणजे काय? न पाहणे आणि कायमचे पुसून टाकणे. तसे आम्ही केले. नुसते ‘डिलीट’ केल्याने माहिती जात नाही, पूर्ण डिस्कवर पुन्हा लिहून ती पुसावी लागते, हेही मुलांना दाखविले. आपण आपला जुना संगणक किंवा फोन विकतो तेव्हा आपल्याच घरातील पत्नीचे, मुलांचे सारे असे दुसऱ्याच्या हाती जाते, हे मोठ्यांनीही ध्यानात घ्यावे.

आमच्या खरेदीची बातमी पसरल्यावर देणग्या येऊ लागल्या. कोणी काच फुटलेला पडदा आणून दिला, कोणी कित्येक वर्षे माळ्यावर पडलेले यंत्र. येथे मात्र मलाखीचे शब्द नेमके लागू पडतात. विकत घेणाऱ्याने जुने घेणे ही काटकसर, पण घरातील अडगळ काढून ‘मंडळीला दान’ म्हणून तिची नोंद करवून घेणे हा लंगडा पशू. आम्ही हे कोणाला दोष लावण्यासाठी लिहीत नाही. गरिबांच्या पेटीत बटणे तुटलेले सदरे आम्हीही टाकले आहेत.

अशी मेलेली यंत्रे शेवटी जातात कोठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातील सुमारे २२ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. बाकीच्यापैकी पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तेथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणासाठी पाट्या आम्लात बुडवितात, आणि तो धूर स्त्रिया व मुले श्वासावाटे घेतात. दुसऱ्या टोकास, बॅटरीत लागणारे कोबाल्ट बहुतांशी काँगो देशातून येते, आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात. म्हणून चालते यंत्र आणखी चार-पाच वर्षे चालविले तर एक नवे यंत्र तेवढ्या काळापुरते लांबते आणि कचऱ्याचा एक डबा उशिरा निघतो. लॅपटॉपमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनपैकी मोठा वाटा तो तयार होतानाच गेलेला असतो, वापरताना त्यामानाने थोडा जातो. आपल्या देशातील २०२२ च्या इ-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत, दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही नोंदणीकृत स्थान दिले आहे. तेव्हा माळ्यावरचे यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकण्यापेक्षा नोंदणीकृत केंद्राकडे देणे हेही शेजाऱ्यावर प्रीती करण्याचेच एक काम आहे.

परंतु जुने ते सारे घ्यावे असेही नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याआधीचे यंत्र कवडीमोलाने मिळाले तरी त्यावर मंडळीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार ठेवणे धोक्याचे. लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून ते मुलांच्या सरावाला लावता येते, पण ती सांभाळणारा मनुष्य हवा. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर तो घेऊच नये. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनकरांनी जुनी पोती, फाटके बुधले आणि ठिगळाचे जोडे दाखवून इस्राएलास फसविले. आज बाजारात नेमके उलटे होते, जुन्यावर नवी झिलई चढवितात. दोन्हीकडे धडा एकच. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिधा पाहिला, पण देवाचा सल्ला घेतला नाही. आपणही किंमत पाहतो, पण हे कधी तयार झाले, कोणी वापरले, आत काय बदलले, हे विचारीत नाही.

येथे हा लेख संपला असता तर आम्हांस बरे वाटले असते. पण तिसरा प्रश्न राहिला आहे, आणि तोच लिहिण्यास जड जातो. वाचलेल्या पैशाचे काय झाले?

बेळगावात लंडन मिशनने १८२० साली सुरू केलेले काम १९०४ साली मेथडिस्ट मंडळीकडे आले, म्हणून या भागात जॉन वेस्लीचे नाव घरोघर ठाऊक आहे. पैशाविषयी त्याचे तीन नियम प्रवचनांतून नेहमी सांगितले जातात : मिळवा, वाचवा, द्या. वेस्लीने एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकीगत दिली आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ मध्ये भागवी आणि २ देई. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तेव्हा २८ ठेवून ३२ दिले. मग ९० मिळाले, तेव्हा ६२ दिले. मग १२० मिळाले, तेव्हा ९२ दिले. आम्ही या हकीगतीचे प्रवचन दोनदा केले आहे. त्यातील वाचविण्याचा भाग आम्हांस फार आवडतो.

आमचे १८,००० रुपये जानेवारीत बँकेत गेले. त्यांतून ३,००० दुरुस्तीसाठी ठेवावे आणि १५,००० शाळेतील एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणास द्यावे, असे तोंडी ठरले. ठराव मात्र झाला नाही. जूनअखेर, सभेत भंगाराचे बोलले होते त्या बंधूंच्या मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि फी भरावयाची होती. त्यांनी आमच्याकडे शब्द टाकला. आम्ही म्हणालो, “कमिटी बसली की बघू या.” कमिटी बसली ऑक्टोबरात. कधी पाळकसाहेब दौऱ्यावर, कधी कोणाकडे लग्न. ऑक्टोबरात १५,००० रुपये दिले, टाळ्या झाल्या, अहवालातही लिहिले. पुढे कित्येक दिवसांनी त्यांच्या पत्नीने सहज बोलता बोलता सांगितले की, जूनमध्ये त्यांनी एकाकडून महिना शेकडा तीन रुपयांनी १५,००० काढले होते. चार महिन्यांचे व्याज १,८०० रुपये त्यांनी जादा पाळ्या करून फेडले. ते स्वतः याविषयी एक अक्षर बोलले नव्हते.

ज्या माणसाने सभेत बोलून मंडळीचे पैसे वाचविले, त्याच्याच पाठीवर त्या बचतीचे व्याज बसले. पैसे पासबुकात सुरक्षित होते, आणि आपण काटकसर केली म्हणून आम्ही समाधानी होतो. मुलीला ‘पुढच्या रविवारी’ म्हणालो, बापाला ‘कमिटी बसली की’ म्हणालो. हाताशी असताना शेजाऱ्याला उद्या ये म्हणू नको, हे नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातले सांगणे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतले आहे.

बेथानीच्या मरीयेने मोलवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले तेव्हा, ते तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा कोण होता, हे योहानाने मुद्दाम नोंदविले आहे. तो यहूदा इस्कर्योत होता, आणि डबी त्याच्याच जवळ असे. काटकसरीचे शब्द, गरिबांचे नाव आणि पैशाची डबी, हे तिन्ही एकाच ठिकाणी असले तरी त्यात प्रीती असेलच असे नाही. आमच्या डबीतून कोणी चोरले नाही. पण ज्याला द्यावयाचे त्याला वेळेवर न देणे हे चोरीच्या किती जवळ आहे, हे आठवी आज्ञा शिकविणाऱ्याने तरी ओळखावयास हवे होते.

पौलाने फिलेमोनाला अनेसिमाविषयी लिहिले ते पत्र आम्ही या संदर्भात पुन्हा वाचले. जो पूर्वी निरुपयोगी होता तो आता तुला आणि मलाही उपयोगी झाला आहे, अशा अर्थाचे पौल लिहितो. संगणकाच्या गोष्टीशी हे जुळते म्हणून मन लगेच तिकडे धावते. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे, आणि आमचे लक्ष दुसऱ्याच दोन गोष्टींनी वेधले. एक, पौल अनेसिमाचा मागचा इतिहास लपवीत नाही. झिलई चढवून त्याला परत पाठवीत नाही. दुसरी, त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असे म्हणून पौल आपल्या हाताने लिहून देतो. कोणाची तरी चूक भरून काढावयाची असते तेव्हा किंमत कोणाच्या तरी खात्यावर जातेच. प्रश्न एवढाच की ती आपल्या खात्यावर घेण्याची आपली तयारी आहे काय.

हा लेख लिहिण्यापूर्वी, ज्यांच्या दिरंगाईने ते व्याज चढले त्या आम्ही चौघांनी १,८०० रुपये आपापल्या खिशातून गोळा केले आणि त्या बंधूंच्या घरी नेऊन दिले. मंडळीच्या खात्यातून दिले नाहीत. त्यांनी आधी नाही म्हटले. मग त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “घ्या की. त्यांनाबी बरं वाटंल.” ते त्यांनी घेतले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. आपल्या वर्गासाठी संगणक, पेटी, बाके, काहीही खरेदी करावयाचे असेल तर जुने जरूर पाहा, त्यात लाज मानू नका. मात्र घेऊन झाल्यावर एका कागदावर तीन ओळी लिहा : किती वाचले, ते कोणाच्या कष्टातून वाचले, आणि वाचलेले कोणाला व केव्हा दिले. तो कागद मुलांसमोर मोठ्याने वाचता आला पाहिजे. आमच्या तिन्ही संगणकांच्या वर असा कागद आता चिकटविलेला आहे. तिसऱ्या ओळीत तारीख ऑक्टोबरचीच आहे, ती आम्ही बदललेली नाही.